एकच रुग्ण, दोन कोरियन वैद्य: निदान कितपत जुळते?

आपण विचारले आहे की, दक्षिण कोरियातील पारंपरिक वैद्यकाच्या दोन प्रशिक्षित चिकित्सकांनी एकाच रुग्णाला स्वतंत्रपणे तपासले, तर त्यांचे निदान कितपत जुळते. ते जुळत नसेल तर त्या शास्त्राविषयी काय समजावे. आणि आयुर्वेदातील प्रकृतिपरीक्षणावर असाच अभ्यास करायचा झाल्यास कोरियाच्या अनुभवातून काय घेता येईल. मी आयुर्वेद महाविद्यालयात रोगनिदान शिकवत आलो आहे, परीक्षकांमधील सहमती मोजणाऱ्या अभ्यासांची आखणी हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे आणि या विषयावरचे कोरियन संशोधन मी दीर्घकाळ वाचत आलो आहे. म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आधी थेट उत्तर देतो. जिभेचा रंग, चेहऱ्याची लाली, घाम, तहान अशा सुट्या चिन्हांबाबत कोरियन चिकित्सकांची सहमती बऱ्यापैकी असते. त्या चिन्हांवरून रुग्ण कोणत्या लक्षणसमुच्चयात (एकत्र आढळणाऱ्या चिन्हांच्या, निदान म्हणून नाव दिलेल्या गटात) बसतो हे ठरवताना, निकष आधी ठरलेले नसतील तर सहमती झपाट्याने खाली येते आणि निकष ठरवून प्रशिक्षण दिले असेल तर ती पुन्हा वर जाते. माझे स्पष्ट मत असे आहे की मतभेदाचे मूळ बोटांच्या किंवा डोळ्यांच्या कमतरतेत फारसे नाही. परस्परविरोधी चिन्हांपैकी कोणाला किती वजन द्यायचे, याचा नियम लिहून न ठेवणे हे त्याचे खरे मूळ आहे. पुढचे सगळे विवेचन या एका मुद्द्याभोवतीच आहे.

कोरियातील व्यवस्था थोडक्यात समजून घ्यावी लागेल, कारण तेथील मतभेद अशिक्षितांचे नाहीत. १९५१ च्या वैद्यकीय सेवा कायद्यापासून तेथे आधुनिक वैद्यकाचा डॉक्टर आणि पारंपरिक वैद्यकाचा चिकित्सक, ज्याला हानुइसा म्हणतात, असे दोन वेगळे परवाने आहेत. अकरा खासगी महाविद्यालये आणि बुसान राष्ट्रीय विद्यापीठातील एक शासकीय संस्था अशा बारा ठिकाणी हे शिक्षण मिळते. बहुतेक ठिकाणी अभ्यासक्रम सहा वर्षांचा आहे आणि शेवटी देशभर एकच परवाना परीक्षा होते. १९८७ पासून सुई-चिकित्सा, मोक्साचा (जळत्या औषधी वनस्पतीचा) शेक आणि कपिंग (त्वचेवर पेले लावून ओढ देणे) यांना राष्ट्रीय आरोग्य विम्याचे संरक्षण आहे. म्हणजे अभ्यासक्रम, परीक्षा आणि विमा या तिन्ही गोष्टी चिकित्सकांना एका साच्याकडे ओढणाऱ्या आहेत. तरीही पदवीनंतर वाटा फुटतात. कोणी शास्त्रीय ग्रंथांतील सूत्रांवर औषध देतो, कोणी माणसांच्या चार जन्मजात प्रकृती मानणाऱ्या सासांग प्रकृतिविज्ञानाचा अवलंब करतो, कोणी साआम पद्धतीच्या पंचमहाभूतसदृश तत्त्वांवर सुया लावतो, तर कोणी क्वोन दो-वोन यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या अष्टप्रकृती पद्धतीने केवळ नाडीवरून आठपैकी एक प्रकृती ठरवतो.

अपचनाची तक्रार घेऊन आलेल्या एकाच स्त्रीला पहिला चिकित्सक प्लीहा-जठराचे दौर्बल्य सांगेल, दुसरा तिला सासांगमधील सोउम प्रकृतीची म्हणेल आणि तिसरा तिच्या शरीरातील प्राणशक्तीच्या एखाद्या मार्गाची पूर्ण-अपूर्णता सांगून सुया ठरवेल. ही तीन उत्तरे तीन वेगळ्या प्रश्नांची आहेत. त्यांना एकमेकांशी ताडून ‘सहमती शून्य’ असे लिहिणे हा मोजमापाचाच दोष होय. म्हणून सहमतीवरचा कोणताही लेख हाती आला की परीक्षक एकाच परंपरेतले होते का आणि त्यांना निवडीसाठी दिलेले पर्याय तेच होते का, हे मी सर्वांत आधी पाहतो.

हे मान्य केल्यावर खरा प्रश्न उरतो तो एकाच परंपरेतील, एकाच पर्यायसूचीवर काम करणाऱ्या दोघांचा. कोरियन निदानाचे तीन टप्पे पडतात. पाहणे, ऐकणे-वास घेणे, विचारणे आणि स्पर्श करणे या चार परीक्षांतून चिन्हे गोळा करणे हा पहिला टप्पा. त्या चिन्हांतून लक्षणसमुच्चय निश्चित करणे हा दुसरा. कोरियन भाषेत याला ब्योनजुंग म्हणतात. समुच्चयावरून औषधयोग किंवा सुयांची स्थाने निवडणे हा तिसरा. सहमती कोठे तुटते हे जाणण्यासाठी या टप्प्यांना वेगवेगळे मोजावे लागते, आणि तसे मोजले की चित्र फार बोलके होते.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण कोरियातले नसून अमेरिकेतील मेरिलँड विद्यापीठातले आहे. तेथे कोरियन वैद्यकाची सख्खी बहीण असलेल्या चिनी वैद्यकाचे चिकित्सक तपासले गेले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तीन चिकित्सकांनी संधिवाताभ आमवाताच्या (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या) ४० रुग्णांना स्वतंत्रपणे तपासले. लक्षणसमुच्चयाबाबत त्यांची सरासरी सहमती सुमारे ३२ टक्के भरली. परंतु प्रत्येकाने स्वतःच्या निदानाला अनुसरून जे औषध लिहिले, ते पाठ्यपुस्तकातील शिफारशीशी ९० टक्क्यांहून अधिक वेळा जुळत होते. म्हणजे तिसरा टप्पा जवळजवळ निर्दोष होता आणि तुटफूट त्याच्या आधीच झालेली होती. पुढे त्याच गटाने चिकित्सकांना आधी एकत्र बसवून प्रशिक्षण दिले आणि २००८ मध्ये ४२ रुग्णांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा हीच सरासरी ७३ टक्क्यांवर गेली. एवढ्या थोड्या अवधीत कोणाची नाडीपरीक्षा दुपटीने सूक्ष्म होत नाही. चिन्हे तोलण्याची रीत मात्र एक होऊ शकते.

कोरियातील या क्षेत्रातले सर्वांत मोठे काम पक्षाघातावर झाले. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या आणि आता देजॉन येथे असलेल्या कोरियन वैद्यक संशोधन संस्थेने विद्यापीठांच्या पारंपरिक रुग्णालयांना बरोबर घेऊन पक्षाघाताच्या लक्षणसमुच्चयांचे प्रमाणीकरण हाती घेतले. सुरुवातीला पाच समुच्चय होते: अग्नी-उष्णता, ओल-कफ, रक्तसंचय, प्राणशक्तीची क्षीणता आणि यिन-क्षय (शरीराला शीतलता व ओलावा देणाऱ्या तत्त्वाची घट). रक्तसंचयाचे निदान इतक्या थोड्या रुग्णांत झाले की पुढे तो वगळून चारच ठेवले गेले. प्रत्येक रुग्णाला एकाच विभागातील दोन चिकित्सक स्वतंत्रपणे तपासत, ठरलेल्या नमुन्यात प्रत्येक चिन्ह नोंदवत आणि शेवटी चारपैकी एक समुच्चय लिहीत. शेकडो रुग्णांवर हे झाले. एवढ्या चिकाटीने स्वतःच्या निदानपद्धतीला तराजूत घालणाऱ्या पारंपरिक वैद्यकाच्या शाखा जगात फार नाहीत, आणि याबद्दल मला त्या संशोधकांविषयी मनापासून आदर आहे.

आता पक्षाघाताच्या रुग्णाच्या खाटेशी काय घडते ते पाहू. अग्नी-उष्णतेच्या रुग्णाचा चेहरा लाल, तोंड कोरडे, मलावरोध, जीभ लाल, तिच्यावर पिवळा थर आणि नाडी वेगवान असते. यिन-क्षयाच्या रुग्णाचीही जीभ लाल आणि नाडी वेगवान असते. भेद असतो तो दुपारनंतर गालांवर चढणाऱ्या लालीत, रात्रीच्या घामात, थर नसलेल्या आरशासारख्या जिभेत आणि नाडीच्या बारीकपणात. पाठ्यपुस्तकात हे दोन स्तंभ स्पष्ट वेगळे दिसतात. पण प्रत्यक्षात एखाद्या सत्तरीच्या रुग्णाची जीभ लाल आहे, मागच्या भागात पातळ पिवळा थर आहे, पुढचा भाग सोललेला आहे, नाडी वेगवान आहे आणि बारीक म्हणावी की नाही याची खात्री नाही. दोन्ही परीक्षकांनी नेमकी हीच चिन्हे नोंदवली तरी एकजण थराला महत्त्व देऊन अग्नी-उष्णता लिहील आणि दुसरा सोललेल्या भागाला महत्त्व देऊन यिन-क्षय लिहील. चिन्हांवर त्यांचे शंभर टक्के एकमत आहे आणि निदानावर मुळीच नाही. अशा रुग्णासाठी ‘थर आणि सोललेपणा दोन्ही असतील तेव्हा काय’ याचे लेखी उत्तर नसेल, तर परीक्षकांचा अनुभव कितीही वाढवला तरी सहमती वाढत नाही; उलट प्रत्येकाचा स्वतःचा अलिखित नियम पक्का होत जातो.

पक्षाघातात आणखी काही अडचणी आहेत आणि त्या कोरियन वैद्यकाच्या तत्त्वांशी संबंधित नाहीत. वाचा गेलेला रुग्ण प्रश्नांची उत्तरे देऊ शकत नाही, त्यामुळे चार परीक्षांपैकी विचारण्याची परीक्षा नातेवाइकांच्या सांगण्यावर अवलंबून राहते. जीभ एका बाजूला वळते, पूर्ण बाहेर येत नाही. दोन्ही हातांची नाडी सारखी लागत नाही. शिवाय रुग्णाची अवस्था वेगाने पालटते. पहिल्या दिवसांत अग्नी-उष्णतेचा वाटणारा रुग्ण पुढे थकवा, फिकी आणि कडांवर दातांच्या खुणा असलेली जीभ, दुर्बळ नाडी घेऊन प्राणशक्तीच्या क्षीणतेकडे सरकतो. एक परीक्षक सकाळी आणि दुसरा दुसऱ्या दिवशी आला, तर दोघेही बरोबर असून मत भिन्न येऊ शकते. खोलीतला प्रकाश आणि नुकतीच घेतलेली कॉफी जिभेचा थर बदलून टाकतात, हे तर कोणताही वैद्य सांगेल.

या कामावर माझे दोन आक्षेप आहेत. पहिला असा की दोन्ही परीक्षक एकाच विभागातले असल्यामुळे ते बहुधा एकाच गुरूच्या हाताखाली शिकलेले आणि रोज एकमेकांचे रुग्ण पाहणारे असतात. त्यांची सहमती ही देशभरातील कोणत्याही दोन चिकित्सकांच्या सहमतीची वरची मर्यादा समजावी. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पुढील अनेक विश्लेषणांत, समुच्चय ओळखण्याची सूत्रे बनवताना, ज्या रुग्णांबाबत दोघांचे निदान जुळले तेवढेच रुग्ण घेतले गेले. हेतू समजण्यासारखा आहे, कारण खात्रीचे निदान हवे होते. पण त्यामुळे वर सांगितलेला लाल, अर्धी सोललेली जीभ असलेला रुग्ण आकडेवारीतून बाहेर पडतो आणि सूत्र केवळ सोप्या रुग्णांवर तयार होते. दवाखान्यात मात्र सूत्राची गरज नेमकी त्या कठीण रुग्णासाठीच असते.

आकड्यांकडे वळण्यापूर्वी योगायोगाने होणाऱ्या सहमतीबद्दल लिहिले पाहिजे, कारण मराठीत प्रसिद्ध होणाऱ्या अनेक प्रबंधांत केवळ टक्केवारी दिलेली असते आणि ती दिशाभूल करते. सासांग प्रकृतिविज्ञानाचे प्रवर्तक ली जे-मा (१८३७–१९००) यांनी १८९४ मध्ये पूर्ण केलेल्या ‘दोंग-उई सुसे बोवॉन’ या ग्रंथात लिहिले आहे की, दहा हजार वस्तीच्या एका परगण्यात तेउम प्रकृतीचे पाच हजार, सोयांग तीन हजार आणि सोउम दोन हजार असतात. तेयांग मात्र अत्यंत विरळ, तीन-चार किंवा फार तर दहाएक. आता दोन चिकित्सकांनी रुग्णाकडे न पाहता केवळ या प्रमाणात चिठ्ठ्या काढल्या, तरी त्यांची मते ३८ टक्के वेळा जुळतील (०.५, ०.३ आणि ०.२ यांच्या वर्गांची बेरीज). म्हणून साठ टक्के सहमती आली तर ती अर्ध्याहून जास्त म्हणून समाधान मानण्यात अर्थ नाही. योगायोग वजा केल्यावर जे उरते त्याचे माप म्हणजे कॅप्पा (पूर्ण सहमतीला १, निव्वळ योगायोगाला ०), आणि येथे तो केवळ ०.३५ च्या आसपास भरतो.

उलट बाजूचा सापळाही तितकाच खरा आहे. समजा, हजार माणसांत दोन्ही चिकित्सकांनी प्रत्येकी दहा जणांना तेयांग म्हटले आणि त्यांपैकी दोनच जण दोघांत समान निघाले. मग ‘तेयांग आहे की नाही’ या प्रश्नावर त्यांची सहमती ९८.४ टक्के होते, पण कॅप्पा ०.१९ वर येतो. टक्केवारी पाहणाऱ्याला हे अप्रतिम यश वाटेल, कॅप्पा पाहणाऱ्याला अपयश. खरी गोष्ट अशी की विरळ वर्ग ओळखण्यात ते दोघे जुळत नाहीत, आणि त्या वर्गात नसलेल्यांना वगळण्यात ते सहज जुळतात. पक्षाघाताच्या अभ्यासांत आरशासारखी जीभ, ठिपकेदार जीभ, निळसर-जांभळी जीभ ही चिन्हे अशीच विरळ आहेत. म्हणूनच कोरियन संशोधकांनी टक्केवारी, कॅप्पा आणि विरळ वर्गांच्या बाबतीत कमी डळमळणारा एसी-१ गुणांक हे तिन्ही एकत्र दिले. ही पद्धत मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी अनुसरायला सांगतो.

सासांगबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण आपल्या प्रकृतिपरीक्षणाला सर्वांत जवळचे उदाहरण तेच आहे. येथे आजाराच्या आजच्या अवस्थेपेक्षा जन्मजात घडण ओळखायची असते, त्यामुळे सकाळ-संध्याकाळचा किंवा आठवड्याचा फरक पडू नये अशी अपेक्षा रास्त ठरते. शरीराची ठेवण, चेहरा, आवाज, स्वभाव आणि घाम, मल, निद्रा, पचन यांच्या सवयी यांवरून निर्णय होतो. ली जे-मा यांनी स्वतःच नोंदवले आहे की तेउम आणि सोउम माणसांची अंगकाठी कधीकधी इतकी सारखी असते की ओळखणे अवघड होते, पण रोगलक्षणे पाहिली की शंका राहत नाही. तेउम माणसाला सहज घाम येणे हे स्वास्थ्याचे लक्षण, तर सोउम माणसाला तसाच घाम येणे हा मोठा आजार. हे वाक्य मी फार मोलाचे मानतो. निर्मात्याने संदिग्ध जागा कबूल केली आहे आणि तिथे कोणते चिन्ह निर्णायक धरायचे हेही सांगितले आहे. अर्थात त्यात एक अडचण शिल्लक राहते: घाम आल्यावर माणसाला बरे वाटते की गळून गेल्यासारखे, हे ठरवायला तो आधी आजारी असावा लागतो. निरोगी तरुणांवर केलेल्या सहमतीच्या अभ्यासांत हे निर्णायक चिन्हच हाती नसते आणि परीक्षकांना अंगकाठीवर विसंबावे लागते. अशा अभ्यासांतली सहमती कमी आली तर त्याचे आश्चर्य वाटू नये.

व्यक्तिनिष्ठता कमी करण्यासाठी कोरियात प्रश्नावल्या झाल्या. क्यूंग-ही विद्यापीठात तयार झालेली १२१ प्रश्नांची सासांग प्रश्नावली नव्वदच्या दशकापासून वापरात आहे. पुढे देजॉनच्या संस्थेने चेहऱ्याचे छायाचित्र, देहाची मापे, आवाज आणि प्रश्नावली एकत्र करून गणिती साधन बनवले. साधनाचा मोठा गुण असा की त्याच माहितीवर ते प्रत्येक वेळी तेच उत्तर देते. परंतु ते शिकले कोणाकडून? विशेषज्ञांनी प्रकृती ठरवलेल्या आणि त्या प्रकृतीच्या औषधाने सुधारणा झाल्यामुळे ‘खात्रीच्या’ मानलेल्या रुग्णांकडून. औषधाचा गुण आला म्हणून प्रकृती बरोबर, हा युक्तिवाद मला अपुरा वाटतो. किती तरी तक्रारी आपोआप शमतात, आणि त्याच रुग्णाला दुसऱ्या प्रकृतीचे औषध दिले असते तर काय झाले असते हे कोणी पाहिलेले नसते. यंत्राची पुनरावृत्तिक्षमता ही निदानाच्या सत्यतेची ग्वाही होऊ शकत नाही. विशेषज्ञाची चूक ते तितक्याच सातत्याने पुन्हा करील. नाडीचा दाब नोंदवणारी आणि जिभेची छायाचित्रे घेणारी उपकरणेही कोरियात बरीच पुढे गेली आहेत. त्यांच्यामुळे पहिला टप्पा नक्कीच सुधारतो, परंतु तुटफूट दुसऱ्या टप्प्यात असल्याने एकूण निदानावरचा त्यांचा परिणाम मर्यादितच राहतो.

सहमती चांगली कशी मिळते याचे कोरियन उदाहरण म्हणजे ह्वाब्योंग, दडपलेल्या संतापातून होणारा विकार. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या १९९४ च्या वर्गीकरणात, म्हणजे डीएसएम-४ च्या परिशिष्टात, त्याचा संस्कृतिविशिष्ट विकार म्हणून उल्लेख आहे. त्यासाठी कोरियन पारंपरिक चिकित्सकांनी संरचित मुलाखत तयार केली: छातीत कोंडल्यासारखे होणे, अंगातून उष्णता चढणे, काहीतरी वर ढकलले जात असल्याची भावना, घशात किंवा छातीच्या खाली गोळा, आणि त्यांच्याबरोबर अन्यायाची व संतापाची जाणीव. कोणते लक्षण असलेच पाहिजे आणि कोणते साहाय्यक, हे तेथे लिहिलेले आहे. दुसऱ्या टप्प्यातला अलिखित नियम लेखी झाला, एवढेच काय ते घडले, आणि तेच पुरेसे होते.

प्रशासनाची बाजूही या प्रश्नाशी जोडलेली आहे. २०१० च्या सुमारास कोरियाच्या राष्ट्रीय रोगवर्गीकरणात पारंपरिक निदानांना स्वतंत्र संकेतांक मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या रोगवर्गीकरणात, जे २०१९ मध्ये स्वीकारले गेले आणि २०२२ पासून लागू झाले, चीन, जपान आणि कोरियातील वैद्यकाच्या निदानांसाठी सव्विसावे प्रकरण आहे. नोव्हेंबर २०२० पासून चेहऱ्याचा पक्षाघात, कष्टार्तव आणि वृद्धांतील पक्षाघातोत्तर विकार यांच्या काढ्यांना प्रायोगिक तत्त्वावर विमा लागू झाला आणि २०२४ मध्ये त्यात आणखी आजारांची भर पडली. संकेतांकांमुळे सर्वजण समान नावे वापरू लागतात हे खरे, पण समान नाव वापरणारे दोघे ते नाव एकाच रुग्णाला देतील याची हमी त्यातून मिळत नाही. विम्याच्या नोंदीत एक समुच्चय वारंवार दिसू लागला, तर तो आजाराचे स्वरूप दाखवतो की सोयीचा संकेतांक, हे वेगळे तपासावे लागते.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथे देतो. सहमती कमी आहे म्हणून कोरियन वैद्यक निराधार ठरवणे घाईचे होईल, कारण त्याच न्यायाने आधुनिक वैद्यकातील बरेच काही टाकून द्यावे लागेल. डीएसएम-५ च्या क्षेत्रचाचण्यांचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा तीव्र नैराश्याच्या निदानाचा कॅप्पा ०.२८ होता आणि आघातोत्तर तणावविकाराचा ०.६७. मात्र या तुलनेचा आधार घेऊन निश्चिंत होणेही मला मान्य नाही. ज्या पद्धतीत उपचार पूर्णतः लक्षणसमुच्चयावर अवलंबून असतो, तेथे समुच्चयावरचा मतभेद थेट रुग्णाच्या पेल्यातला काढा बदलतो. अग्नी-उष्णतेच्या रुग्णाला शीतल, विरेचक द्रव्ये मिळतील आणि प्राणशक्ती क्षीण असलेल्याला बल्य. चुकीच्या रुग्णाला यांपैकी काहीही मिळाले तर शास्त्राच्याच म्हणण्यानुसार अपाय होतो. म्हणून सहमतीचा प्रश्न हा रुग्णाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे, आणि तो अभिमानाचा किंवा बचावाचा विषय करू नये.

आता आपल्या नियोजित अभ्यासाविषयी. आयुर्वेदातही हे काम झालेले आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ आयुर्वेद चिकित्सकांनी २० निरोगी व्यक्तींची नाडी, जिव्हा आणि प्रकृती तपासली. चिकित्सकांच्या जोड्यांगणिक सहमती खूप कमी-जास्त होती आणि एकंदरीत कमकुवत होती. पुण्याच्या सी-डॅक या शासकीय संगणक-संशोधन संस्थेने आयुसॉफ्ट ही संगणकप्रणाली आणि तिच्यात प्रकृतीची प्रश्नावली बनवली. नाडी तरंगिणी हे नाडीची नोंद घेणारे उपकरणही पुण्यातच आकाराला आले. जानेवारी २०२४ मध्ये आयसीडी-११ मध्ये आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी यांच्या निदानांचा विभाग दाखल झाल्याने समान नावांचा प्रश्न आपल्याकडेही पुष्कळसा मार्गी लागत आहे. म्हणजे कोरिया जेथे दहा-पंधरा वर्षांपूर्वी होता तेथे आपण उभे आहोत आणि त्यांचा अनुभव आपल्याला आयता उपलब्ध आहे.

माझा सल्ला असा की प्रकृतीचे सात पर्याय देऊन ‘कोणती?’ असे एकदम विचारू नये. आधी प्रत्येक चिन्ह स्वतंत्र नोंदवून घ्यावे, मग प्रत्येक दोषाचे प्राबल्य किती ते, आणि शेवटी प्रकृती. असे केल्याने मतभेद कोणत्या पायरीवर झाला हे कळेल. वात-पित्त आणि पित्त-वात यांत भेद करणार असाल तर तो भेद उपचारात कोणता फरक घडवतो हे आधी लिहा; काहीच घडवत नसेल तर त्या भेदावरचा मतभेद अर्धा मानणारा भारित कॅप्पा वापरा. त्वचा रुक्ष पण केस दाट व स्निग्ध असतील तर काय, भूक तीव्र पण मलप्रवृत्ती विषम असेल तर काय, अशा परस्परविरोधी जोड्या परीक्षकांनी एकत्र बसून आधी सोडवाव्यात आणि ते निर्णय लेखी ठेवावेत. ही बैठक घेण्यापूर्वी एकदा आणि घेतल्यानंतर वेगळ्या व्यक्तींवर एकदा मोजमाप करा, म्हणजे बैठकीचा परिणाम दिसेल. परीक्षक एकाच महाविद्यालयाचे घेऊ नका. नाशिक, पुणे, नागपूर अशा वेगवेगळ्या ठिकाणी शिकलेले घ्या. त्याच परीक्षकाला तीच व्यक्ती काही आठवड्यांनी पुन्हा दाखवा, कारण जो स्वतःशीच जुळत नाही तो दुसऱ्याशी जुळण्याची अपेक्षा करता येत नाही. दोन परीक्षणांमध्ये व्यक्तीने काय खाल्ले-प्यायले, प्रकाश कसा होता, ऋतू कोणता होता हे नोंदवा.

निष्कर्ष लिहिताना केवळ एक कॅप्पा देऊन थांबू नका. कोणी कोणाला काय म्हटले याचा पूर्ण तक्ता छापा, त्यासोबत टक्केवारी, कॅप्पा आणि एसी-१ हे तिन्ही द्या, आणि प्रत्येकाची विश्वासमर्यादा (खरा आकडा ज्या पट्ट्यात असण्याची शक्यता आहे तो) द्या. ज्या व्यक्तींबाबत मत जुळले नाही त्यांना विश्लेषणातून काढू नका. उलट त्यांचीच वेगळी यादी करा, त्यांच्या चिन्हांची पूर्ण नोंद परिशिष्टात द्या आणि दोन्ही परीक्षकांना, एकमेकांचे नाव न कळू देता, त्यांनी तो निर्णय कोणत्या चिन्हाच्या आधारे घेतला हे एका ओळीत लिहायला सांगा. आकडेमोड पूर्ण होण्यापूर्वीच त्या ओळी मला पाठवल्या तर मी त्या आनंदाने वाचेन, कारण पुढच्या निकषपत्रिकेचा मसुदा त्यांतूनच तयार होईल.